स्वीटीचा नंबर

लोकांनी ओरडायचं आणि मी ऐकून घ्यायचं, याचा मला पगार मिळत होता. निवृत्त झाले तेव्हा पहिला महिनाभर घरात कुणी ओरडेना म्हणून मला करमेना. नवरा म्हणाला, "मी ओरडू का थोडा?" म्हटलं, "नको, तुझ्या तक्रारी नियमात बसत नाहीत."

माझं शेवटचं पद होतं तक्रार निवारण अधिकारी. कंपनी अंधेरीतली, मोबाइलवर आणि टीव्हीवर मालिका-सिनेमे दाखवणारी. नाव सांगत नाही, कारण अजून माझे दोन मित्र तिथे नोकरीला आहेत. त्याआधी बरीच वर्षं मी एका टीव्ही वाहिनीत होते. तिथे कार्यक्रम आधी बघायचा, शिवी आली की खूण करायची, मग आवाजाचं काम करणारा त्या जागी 'टूं' टाकायचा. घाटकोपरला आमच्या चाळीत सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "आमची सून ऑफिसात शिव्या मोजते." वर आणखी, "मोठ्या हुद्द्यावर आहे."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिनेमा थिएटरात लागायचा तर आधी बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कात्री आधी चालते. टीव्हीला कार्यक्रमांची संहिता आहे. इंटरनेटवरची मालिका मात्र लोकांसमोर येण्याआधी बाहेरचं कुणी बघत नाही. ती सात वर्षांच्या पोराने बघावी, सोळाच्या, की फक्त मोठ्यांनी, हे कंपनीनेच ठरवायचं आणि तसं पडद्यावर लिहायचं. नंतर कुणाला काही खटकलं तर त्याने आधी कंपनीच्याच माणसाकडे यायचं. तो माणूस म्हणजे मी. एका दिवसात पोच द्यायची, पंधरा दिवसांत निर्णय. माझ्या निर्णयाने समाधान झालं नाही तर वर कंपन्यांनी मिळून नेमलेली समिती, आणि तिच्याही वर सरकार. वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात जिचं नाव आणि ईमेल असतो, आणि हा ईमेल कुणी वाचत नसणार अशी सगळ्यांची खात्री असते, ती बाई खरोखर असते. ती वाचते. जेवणाचा डबा बाजूला ठेवून वाचते.

सगळ्यात निष्ठावान तक्रारदार बोरिवलीचे एक काका. दर सोमवारी त्यांचा फोन. एकदा म्हणाले, "तुमच्या मालिकेत कुकरची शिट्टी झाली, पण गॅस बंद होता." मी तो भाग लावून बघितला. खरंच, बटण बंद. म्हटलं, "काका, चूक आहे, पण हे नियमात बसत नाही." ते म्हणाले, "मग नियम कशाला केलेत?" पुढे कळलं की या चुका काका काढतच नव्हते. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. ती बघायची, चूक पकडायची, आणि काकांना म्हणायची, "करा फोन." मला हे कळल्यावर मी सोमवारी त्यांच्या फोनच्या वेळेला मीटिंग ठेवणं बंद केलं.

मुलुंडच्या एका आईला पोराच्या मोबाइलवर मोठ्यांच्या मालिका कशा बंद करायच्या ते माहीत नव्हतं. फोनवर बसून तिला पिन टाकायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी पोराचा फोन. "मॅडम, आईला पिन तुम्ही शिकवलात ना? मला तुमच्याविरुद्ध तक्रार करायचीय. कुठे करू?" म्हटलं, "बाळा, माझ्याकडेच." खरंच केली त्याने. मी पोचही दिली.

सगळंच असं गमतीचं नव्हतं. एका सिनेमाविरुद्ध एका सकाळी ढीगभर ईमेल येऊन पडले, शब्दन् शब्द सारखे. आमच्या भावना दुखावल्या, सिनेमा काढून टाका. मी त्यातल्या एकाला फोन लावला आणि विचारलं, कुठल्या दृश्याने दुखावल्या? तो बिचारा गोंधळला. "तुम्हीच सांगा ना मॅडम. आम्हाला फक्त फॉरवर्ड करायला सांगितलंय." हसले मी तेव्हा, पण त्या सिनेमातलं ते दृश्य कंपनीने अखेर कापलंच. कुणी हुकूम दिला नव्हता. कटकट नको एवढंच कारण. नंतर नंतर लेखकच माझ्याकडे यायला लागले, "शैलाताई, हे लिहिलं तर चालेल का?" म्हणून. चालेल म्हटलं तरी ते लिहायचे नाहीत. याची खंत मला आहे आणि राहील. लोकांचं ऐकायचं काम मी मनापासून केलं, पण ऐकणं आणि घाबरणं यातला फरक आम्हाला नेहमी सांभाळता आला नाही.

आता रीटाची तक्रार. हीच मला सांगायचीय.

फोन आला तेव्हा मी डबा उघडत होते. आवाज तरुण बाईचा, रागाने कापणारा. "तुमच्या सिरीजमध्ये माझ्या आईचा नंबर दाखवलाय. तिला देशभरातून घाण घाण फोन येतायत. दिवसभर. तुम्हाला लाज वाटते का?"

रीटा गोराईची, मालाडला एका ऑफिसात नोकरी करणारी. आई फिलोमेना, गावात सगळे तिला फिलूबाई म्हणतात. वाडीत भाजी पिकवायची, खाडी ओलांडून बोरिवलीत विकायची, असा तिचा जन्म गेलेला. आमच्या एका नव्या मालिकेत एक पोलीस एका गल्लीतल्या भिंतीसमोर सिगरेट पेटवतो. भिंतीवर एक स्टिकर: 'एकटं वाटतंय? स्वीटीशी बोला.' खाली दहा आकडी नंबर. पडद्यावर जेमतेम दोन-तीन सेकंद. पण पोरांनी ते दृश्य थांबवलं, नंबर टिपला, लावून बघितला, आणि पलीकडे खरीच बाई बोलली! मग काय, त्याचे रील झाले. 'आम्ही स्वीटीला फोन केला.' वाट लागली.

मी नेहमीचा सल्ला दिला. "रीटा, आम्ही ते पुसतोच. पण तोवर आईचा नंबर बदलून घेता येईल का?"

ती म्हणाली, "मॅडम, नाही बदलता येत. माझे बाबा हरवलेत."

वडील पास्कल. दोनेक वर्षांपासून विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग घर, मग माणसं. कुठे निघून गेले तर सापडावेत म्हणून फिलूबाईने त्यांच्या गळ्यातल्या चांदीच्या क्रुसामागे सोनाराकडून आपला मोबाइल नंबर कोरून घेतला होता. आणि एका सकाळी ते खरोखरच निघून गेले. पोलिसांत तक्रार झाली, स्टेशनांवर फोटो लागले, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. चार महिने होऊन गेले होते. त्या क्रुसावरचा नंबर बघून कुणीतरी फोन करेल, या एका आशेवर फिलूबाई बसली होती. आणि आता त्याच नंबरवर स्वीटीला मागणारे फोन.

"ती एकही कट करत नाही, मॅडम," रीटा म्हणाली. "प्रत्येक उचलते. न जाणो, त्यातला एक बाबांचा असेल तर?"

डबा तसाच बंद करून मी कला विभागाच्या बापूला बोलावलं. बापू म्हणजे मालिकेतल्या दुकानांच्या पाट्या, पोस्टर, स्टिकर बनवणारा माणूस, मूळचा कुडाळकडचा. परदेशात म्हणे सिनेमात दाखवायला वेगळे खोटे नंबर राखून ठेवलेले असतात. आपल्याकडे बापूसारखी मंडळी स्वतःच सिमकार्ड विकत घेतात आणि पाटीवर तो नंबर टाकतात, म्हणजे कुणाला त्रास नको. चांगला रिवाज आहे.

"मॅडम, देवाशपथ, तो नंबर आमचोच होतो," बापू म्हणाला. "माझ्याच ड्रॉवरात सिम आसा."

"मग फिलूबाईकडे कसा गेला?"

बापूने ड्रॉवरातून सिम आणलं, फोनमध्ये घातलं. बंद. मग त्याने कपाळावर हात मारला. "रिचार्ज मारूक इसारलंय."

झालं होतं असं. मालिका चित्रित होऊन बराच काळ डब्यात पडून होती. त्या काळात बापूचा रिचार्ज संपला, मोबाइल कंपनीने नंबर बंद केला आणि रीतीप्रमाणे नव्या गिऱ्हाइकाला दिला. ते गिऱ्हाईक फिलूबाई. मालिका प्रदर्शित होईपर्यंत स्वीटीचा नंबर एका भाजीवाल्या बाईच्या कमरेच्या पिशवीत जाऊन बसला होता. चूक कुणाची म्हणायची? बापूवर ओरडायला मी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं.

आता पुसायचं. बाहेरच्याला वाटतं, दोन सेकंदांचं चित्र धूसर तर करायचंय, किती वेळ लागतो? पण निर्मात्याची परवानगी घ्या, मूळ फाइल काढा, प्रत्येक चौकटीत नंबर धूसर करा, ती फाइल पुन्हा तपासा, मग सगळ्या भाषांमधल्या आवृत्त्यांना ती चढवा. शिवाय बाहेर पसरलेले रील आमच्या हातात नाहीत. ज्या साइटवर ते होते तिथे मी वेगळ्या तक्रारी टाकल्या. होय, तक्रार ऐकणारी बाई आता दुसऱ्याच्या तक्रार खिडकीत रांगेत उभी होती. काय काय उत्तरं मिळाली ते विचारू नका.

सगळ्यांच्या मागे लागून आठवड्याभरात मी नवी फाइल तयार करून घेतली. फक्त चढवायची बाकी होती. मला वाटलं, रीटाला फोन करून सांगावं, मग घरी जाऊन शांतपणे झोपावं. तेवढ्यात खालून सिक्युरिटीचा फोन. "मॅडम, एक म्हातारी आलीय. स्वीटी म्हणून सांगतेय."

फिलूबाई वर आली. ठेंगणी, काटक, आडव्या रेघांचं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत माझ्यासाठी वाडीतली वांगी. बसली आणि पहिलंच वाक्य, "बाय, तो नंबर पुसू नको." तिची बोली तिच्या गावची, मला लिहिता येण्यासारखी नाही, म्हणून आपल्या मराठीत लिहिते.

मला वाटलं, तिचा काही गैरसमज झालाय. म्हटलं, "फिलूबाई, अहो पुसला की ते घाणेरडे फोन बंद होतील."

"तेच तर सांगते. बंद नको करू."

तिच्या मांडीवरचा फोन वाजला. माझ्यासमोरच उचलला तिने. पलीकडचा काय बोलत होता ते मला कळलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोलून झालं? आता माझं ऐक. तू कुठनं बोलतोस? नागपूर? बरं. माझा घरवाला हरवलाय. पास्कल नाव. उंच, काळा, कपाळावर जखमेची खूण. त्याला काही आठवत नाही, पण तो ज्याला त्याला विचारतो, बोट कधी सुटेल? असा कोणी म्हातारा दिसला तर याच नंबरवर सांग. सांगशील? तुझी आई आहे ना घरी? तिची शपथ घे." आणि फोन ठेवला.

"निम्मे शिव्या देतात," ती मला म्हणाली. "निम्मे गप होतात. काही जण सॉरी बोलतात. एक तर चर्चमध्ये मेणबत्ती लावतो बोलला. पण बाय, माझा आवाज बोरिवलीच्या बाजाराबाहेर कधी गेला नव्हता. आता नागपूरला जातो, मोडक्या हिंदीत पाटण्याला जातो, कुठे कुठे जातो. पोलिसांनी चार स्टेशनांवर फोटो लावले. मी इतक्या गावांना कशी जाणार होते?"

तेवढ्यात मागोमाग रीटा येऊन पोचली. आई कुठे गेलीय हे तिला शेजारणीकडून कळलं होतं. माझ्या केबिनमध्येच दोघींची जुंपली.

"आई, ते लोक तुला काय काय बोलतात ते मी ऐकलंय. एकेकाला तुरुंगात टाकलं पाहिजे."

"बोलू दे. मला काय होतं बोलण्याने?"

"काय होतं? फोन ठेवल्यावर तोंडाला पदर लावून बसतेस, ते मला दिसत नाही का गं?"

"मग तू आण ना तुझ्या बापाला शोधून!"

त्यावर रीटा रडायला लागली. ते बघून आईलाही रडू आलं. मी उठून दार लावलं. मला त्या दोघींचंही पटत होतं, आणि अशा वेळी काय करायचं हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

आमचा कायदेशीर प्रमुख तन्मय, वयाने माझ्या मुलाएवढा. त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "शैलाताई, तक्रार नोंदवलेली आहे, तक्रार खरी आहे, फाइल तयार आहे. पुसावं लागेलच. नाही पुसलं आणि उद्या त्या बाईला काही झालं तर?"

"पुसू की. पण निर्णयाची मुदत संपायला अजून आठवडा आहे ना?"

"आहे."

"मग आठवडा घेऊ."

त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. मी तिथे असेपर्यंत कुठल्याच तक्रारीची मुदत शेवटच्या दिवसापर्यंत ताणली नव्हती, उलट इतरांना त्यावरून टोचून बोलायचे. शेवटी तो म्हणाला, "तक्रार रीटाची आहे. ती हो म्हणत असेल तर घ्या." एवढं बोलून तो लॅपटॉपकडे वळला. त्याने मला अडवायला हवं होतं असं कुणी म्हणेलही, पण त्याने अडवलं नाही याचे मी आजही आभार मानते.

रीटाने हो म्हटलं. एका अटीवर. ऑफिसातून सुट्टी घेऊन ती आठवडाभर आईजवळ बसणार आणि निम्मे फोन ती उचलणार. बोलणाऱ्याचं तोंड सुटलं की ती आधी त्याला चार शब्द सुनवायची, आणि मग वडिलांचं वर्णन सांगायची. फिलूबाईची पद्धत जास्त चालायची असं मला वाटतं, पण ते रीटाला सांगायची माझी हिंमत नव्हती.

आठवडा गेला. कुणीतरी सुरतला बघितलं म्हणालं, तो दुसराच निघाला. एकाने थट्टा म्हणून "सापडला" सांगितलं, आणि फिलूबाई दोन तास नेसून-सवरून दारात उभी राहिली. ते कळल्यावर मला वाटलं, मी हे काय करून बसले. शेवटच्या दिवशी मी स्वतः उभं राहून नवी फाइल चढवून घेतली. भिंतीवर स्वीटी राहिली, तिच्याखाली नुसता राखाडी पट्टा. रीटाला कळवलं की तक्रारीचं निवारण झालं आहे. असलं वाक्य मी हजार वेळा लिहिलं असेन, पण या वेळी ते लिहायला जड गेलं.

फोन कमी होत गेले. मी अधूनमधून फिलूबाईला लावायची. "आज चारच आले, बाय," ती सांगायची. नंतर, "आज एक." मग एके दिवशी म्हणाली, "आज तूच."

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी रीटाचा फोन आला. नुसती रडत होती. मला वाटलं, वाईट बातमी. मग एकदम म्हणाली, "मॅडम, बाबा आहेत. जिवंत आहेत."

खानदेशातल्या एका एसटी डेपोच्या कॅन्टीनमध्ये चहा करणारा संदीप नावाचा माणूस. तिशीचा, घरी बायको-मुलं. एका दुपारी डेपोत एक उंच, काळा म्हातारा ज्याला त्याला विचारत फिरत होता, बोट कधी सुटेल? कंडक्टर हसत होते, डेपोतली पोरं त्याला चिडवत होती. जिथे समुद्र कुणी डोळ्याने बघितलेला नाही तिथे हा बोट मागतोय म्हणजे वेडाच. संदीपच्या हातातला चहाचा कप मात्र तिथेच राहिला. त्याने स्वीटीला फोन केला होता. म्हणजे, तसल्याच कामासाठी. आणि एका म्हातारीने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेऊन त्याला बोटीचं सांगितलं होतं. त्याने म्हाताऱ्याला आत बसवलं, चहा दिला, आणि जुना नंबर शोधून फोन लावला.

त्यातली एक गोष्ट मला आजही मधूनच आठवते. पास्कलच्या गळ्यात क्रूस नव्हताच. कधीच कुणीतरी काढून घेतला होता. चांदीचा होता ना. ज्या नंबरला फिलूबाई इतके दिवस धरून बसली होती तो तिच्या नवऱ्याच्या अंगावर राहिलाच नव्हता. त्याला ओळखण्यासारखं उरलं होतं ते एक बोटीचं वाक्य, आणि ते वाक्य तिथवर पोचवलं होतं त्या फोनांनी, जे बंद करायची माझी नोकरी होती.

रीटा आणि तिचा चुलतभाऊ गाडी करून आणायला गेले. पास्कलने लेकीला ओळखलं नाही. दोन दिवस चहा-पोळी देणाऱ्या संदीपचा हात मात्र तो सोडेना. गाडीत बसायलाच तयार नाही. शेवटी संदीपलाच गाडीत बसावं लागलं, थेट गोराईपर्यंत.

रीटाने मलाही बोलावलं. मी बोरिवलीहून खाडी ओलांडून गेले, त्यांच्या आधीच पोचले. अंगणात सगळा गाव जमलेला. ते भाईंदरच्या रस्त्याने आले. पास्कल गाडीतून उतरला तो तक्रार करतच. "बोट चुकली ना तुमच्यामुळे!" फिलूबाईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो म्हणाला, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "मी जेवण केलंय. हात धुवा." तो संदीपचा हात धरूनच निमूट आत गेला. तिला रडायला वेळच मिळाला नाही. तिच्याऐवजी मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. इतकी वर्षं मी लोकांचा राग ऐकला, पण त्यातलं एखादं माणूस घरी परत आलेलं बघायला मिळेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. ही नोकरी मला मिळाली याबद्दल त्या दिवशी मी मनातल्या मनात कितीतरी जणांचे आभार मानले. स्वीटीचे, रिचार्ज विसरणाऱ्या बापूचेही.

पंगत बसली. खाडीतल्या बोय माशाचं कालवण आणि भात. संदीपला पास्कलच्या शेजारी बसवलं, कारण त्याचा हात अजून सुटला नव्हता. गावातले लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते, "देवमाणूस आहेस तू." एवढं म्हटलं की तो आणखी खाली बघायचा. त्या अंगणात तो नंबर त्याच्याकडे कसा आला होता हे ठाऊक असलेल्या आम्ही तिघीच, फिलूबाई, रीटा आणि मी. आणि रीटा वाढत होती. फोन करणाऱ्या एकेकाला तुरुंगात टाकलं पाहिजे असं जी माझ्या केबिनमध्ये म्हणाली होती, ती पातेलं घेऊन एकेका ताटासमोर वाकत त्याच्याकडे येत होती. संदीपचा हात भातात तसाच थांबला.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तो मान वर न करता म्हणाला, "ताई, मी तेव्हा तो फोन…"

रीटाने कालवण वाढलं. त्याच्या ताटात बघितलं. खानदेशचा माणूस, असला मासा कधी खाल्ला नसावा. काट्यासकट चिवडून ठेवला होता. तिने पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्या बाजूला मांडी घालून बसली.

"काटे फार असतात याला," ती म्हणाली. "थांब." आणि त्याच्या ताटातल्या माशाचे काटे ती एकेक करून काढायला लागली.